फार पुसलेली गाडी

गाडी बघायला आलेला तो मुलगा तिशीच्या आतबाहेरचा असेल. दिवेलागण होऊन गेली होती. त्याने इंजिन ऐकलं, चाकांवर बुटाने टकटक केलं, चारही दारं उघडून लावून पाहिली, आणि मग खिशातून फोन काढून टॉर्च लावला. आई, बाबा आणि मी निकालाच्या दिवशी उभं राहावं तसे ओट्यावर उभे होतो. त्याने टॉर्च बॉनेटवर धरला मात्र, आणि त्या गडद निळ्या रंगात प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक पांढऱ्या रेषाच रेषा उजळल्या. गोलात गोल, गोलात गोल. टॉर्च सरकवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकायचं, जणू कोळी मध्यभागी बसूनच प्रवास करतोय. "फार पुसलेली गाडी आहे, काका," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडं कौतुकच होतं. "गोल गोल पुसलं ना की असं जाळं पडतं. पॉलिशवाला काढून देईल, पण तेवढे पैसे कमी करावे लागतील." मग तो कागदपत्रांकडे वळला. बाबा काहीच बोलले नाहीत. तो गेल्यावर जेवतानाही बोलले नाहीत. रात्री दिवा मालवताना दारात थांबून, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाले, "मी गोल पुसत नाही."

हे वाक्य मला झोपू देईना.

कारण ते खरं होतं. बाबा गोल पुसत नाहीत, कधीच पुसत नव्हते. लहानपणी माझ्या सकाळची सुरुवात एका आवाजाने व्हायची: पिवळा फडका हवेत झटकल्याचा फट् असा आवाज. मग गाडीच्या अंगावरून सरकणाऱ्या कापडाची लांब, एकसुरी सळसळ. पुढून मागे. पुन्हा पुढे येऊन पुढून मागे. बॉनेटच्या समोर उभे राहून ते फडका काचेकडे ढकलत न्यायचे, दारांवरून आरशाकडून मागच्या दिव्याकडे, आणि डिकीवरून मागच्या काचेकडून स्वतःच्या पोटाकडे. गाडी पुढे जाते तेव्हा वारा जसा तिच्या अंगावरून जातो तसाच हात गेला पाहिजे, हा त्यांचा नियम. यामागे शास्त्र काय, असं मी एकदा विचारलं होतं. "शास्त्र नाही, शिस्त आहे," असं उत्तर मिळालं. मला सुरुवातीला फक्त चाकांच्या टोप्या पुसायला मिळायच्या. बढती मिळून दारापर्यंत पोचले तेव्हा पहिल्याच दिवशी मी फडका गरागरा फिरवला, आणि बाबांनी माझं मनगट धरून म्हटलं, "पाटी पुसतेस का?"

त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात सुट्टी टाकली. कारण विचारलं तेव्हा घरचं काम असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. गाडीचे डाग काढायचे आणि ती विकण्याजोगी करायची, हे वरवरचं कारण. आतलं कारण असं की चाळीस वर्षं सरळ हात चालवणाऱ्या माणसाच्या बॉनेटवर गोल आले कुठून, हे मला बघायचं होतं. बाबांनी गाडी चालवणं आता सोडलंय. डोळ्यांच्या दुखण्यामुळे रात्री समोरून येणारे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसतात. चालवणं सुटलं, पुसणं मात्र सुटलं नाही. कुठेही न जाणारी गाडी रोज सकाळी लख्ख होते.

गाडी धुणं हे कोणाला शिकवायचं काम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बादली, मग, साबण, फडका, झालं. तसं नाहीये ते. ऊन तापायच्या आत सुरुवात केली, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी धुण्याआधीच सुकतं आणि त्यातले क्षार तिथेच पांढरे गोल ठसे उमटवून बसतात. पत्रा थंड आहे का हे तळहाताने नाही, पालथ्या हाताने बघायचं, ताप बघतो तसं. चाकं आधी, वेगळ्या फडक्याने, कारण ब्रेक घासून निघणारी लोखंडी भुकटी तिथे चिकटलेली असते आणि ती दारापर्यंत नेणं म्हणजे हातात खरकागद घेऊन फिरणं. मग नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. अंगावरची सुटी धूळ पाण्यानेच उतरली पाहिजे, हात लावायच्या आधी. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत. हा दुसऱ्या बादलीचा प्रकार मला आधी निव्वळ सोवळं वाटला होता. छप्पर आणि दोन दारं झाल्यावर तिच्यात हात घालून तळाशी बोटं फिरवली. नखांखाली कचकच लागली. बारीक वाळू. एकाच बादलीने धुतलं असतं तर हीच वाळू फेसात लपून पुन्हा गाडीवर गेली असती. भांडी घासायचा साबण बाबा वर्षानुवर्षं वापरत आले. तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे गाडीवर मेण लावलेलं असेल तर तेही इमानेइतबारे काढतो.

बाबा खुर्ची टाकून बघत होते. दोन बादल्या पाहून म्हणाले, "आमच्या वेळी एका मगात गाडी व्हायची." मी म्हटलं, "म्हणूनच." ते हसले नाहीत.

आता कोरड्या फडक्याबद्दल. माझ्या मनात हा मुद्दा इतका वेळ बाजूला ठेवलेला होता की लिहितानाही मी तो मागे ढकलते आहे असं दिसतंय. रंग म्हणून आपण जे बघतो ते एकावर एक चढवलेले चार पदर असतात. पत्र्याला लागून गंज रोखणारा एक, जो गाडीचं अख्खं धूड टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. सगळे पदर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर त्यातला 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. आणि धुळीत असते वाळू, वाळूत असतं क्वार्ट्झ, ज्याची कठीणता 1 ते 10च्या मोहस मापावर 7, खिडकीच्या काचेहून जास्त. ती धूळ कोरड्या फडक्याखाली सापडली की फडका तिला ढकलत नेतो आणि प्रत्येक कण आपापली रेघ ओढत जातो. हात सरळ फिरवा की गोल, रेघ पडायची ती पडतेच. म्हणजे गाडीवरचं जाळं अपघाताचं नव्हतं, चोराचं नव्हतं, खोडकर पोराचं नव्हतं. अकरा वर्षांच्या सकाळींचं होतं. जी धूळ तशीच राहिली असती तर गाडी फक्त मळकी दिसली असती, ती रोज निष्ठेने पुसल्यामुळे ओरखडे आले. हे मला खुर्चीवर बसलेल्या माणसाला सांगायचं नव्हतं.

त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. बाबांचं सगळं ज्ञान एका वेगळ्या रंगावर तयार झालेलं आहे. त्यांच्या पहिल्या गाडीवर पारदर्शक थर नव्हताच, कारण रंगावर क्लिअर कोट देण्याची पद्धत सर्रास झाली ती 1980च्या दशकात. त्याआधीचा रंग उघडा. उन्हाने तो खडूसारखा पांढुरका व्हायचा, बोट फिरवलं की बोटाला पीठ लागायचं. बाबांनी एकदा ती गाडी रबिंगला, म्हणजे घासून चमकवायला, दिली होती. मी लहान होते, पण त्या कारागिराच्या हातातला कापसाचा बोळा मला आठवतो: गाडी लाल होती आणि बोळा रक्तात बुडवल्यासारखा लाल झाला होता. बाबा तीन ताड उडाले. रंगच निघतोय की! तेव्हापासून त्यांनी पॉलिश या शब्दाला घराबाहेर ठेवलं. त्यांचं चुकलंही नव्हतं, तेव्हा खरोखर रंगच निघत होता. त्याच्याही मागे गेलं तर आणखी गंमत आहे. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच ब्रशने रंगवत, व्हार्निशचे थर देत आणि वाळायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने 1914 ते 1925 मॉडेल टी ही गाडी फक्त काळ्या रंगात विकली. 1923 साली ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचा ड्यूको नावाचा नवा रंग, एक नायट्रोसेल्युलोज लॅकर, जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला, तो फवारता यायचा, काही तासांत वाळायचा, आणि पहिल्या रंगवलेल्या गाड्या निळ्या होत्या. ड्यूको हे नाव इतकं रुजलं की अजूनही कपाटावर फवाऱ्याने रंग मारणारे कारागीर कामालाच ड्यूको म्हणतात. नाव राहिलं, रंग बदलला. बाबांचा फडकाही तसाच राहिला.

धुवून झालं तेव्हा गाडी लांबून नवी दिसत होती आणि जवळून नकाशा. छपरावर पक्ष्यांच्या विष्ठेचे जुने ठसे होते. डाग नव्हते, डाग धुतले गेले होते. त्यांच्या जागी रंगच किंचित खचला होता, किनारीसकट. विष्ठेतलं युरिक आम्ल पारदर्शक थराला खातं हे एक, आणि उन्हाने तो थर मऊ होऊन रात्री गार होताना वाळलेल्या विष्ठेचा आकार धरून आक्रसतो हे दुसरं. अशी घाण दिसली की ती खरवडायची नाही. ओला फडका दहा मिनिटं वर ठेवून द्यायचा आणि मग अलगद उचलायचा. आमच्याकडे ती खरवडली जायची, कारण आईला ती बघवत नसे आणि तिच्या हाताशी नख हे एकच हत्यार असे.

मग मी एक गोष्ट केली जी वाचून मला हसू आलं होतं. पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली आणि धुतलेल्या, ओल्या दारावरून बोटं फिरवली. उघड्या बोटांना जे दार गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून चक्क खरखरीत लागलं. बारीक पुरळ उठलेल्या पाठीसारखं. पिशवीमुळे बोट न अडखळता सरकतं आणि उंचवटे तेवढे जाणवतात. धुण्याने न गेलेली ही घाण: झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, ब्रेकच्या भुकटीचे रंगात रुतलेले कण. ती काढायला क्ले मिळते, जपानमधून आलेली, मुलांच्या खेळातल्या मातीसारखी मऊ वडी. पृष्ठभागावर साबणाचं पाणी मारायचं आणि वडी चपटी करून सरकवायची. सुरुवातीला ती अडते, कुरकुरते, आणि मग एका क्षणी आवाजच बंद होतो, हात काचेवरून गेल्यासारखा निसटतो. तो क्षण इतका समाधानाचा आहे की मी एकाच दारावर अर्धा तास घालवला. वडी उलटून पाहिली तर तपकिरी. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढे. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, कारण तिला चिकटलेला एक खडा पुरेसा असतो. माझी पडली. बाबा म्हणाले, "धुऊन घे." मी नवी उघडली. ते खुर्ची उचलून सावलीत गेले.

मागच्या डाव्या दारावर हातभर लांबीचा पांढरा चरा होता. तीन वर्षांपूर्वी तो एका संध्याकाळी दिसला, आणि तेव्हापासून आमच्या घरात एका अनोळखी माणसाला नियमितपणे शिव्या बसत होत्या. कुठल्याशा पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेला, न सांगता पळाला, लोकांना लाज नाही. चरा किती खोल आहे हे बघायच्या दोन साध्या युक्त्या आहेत. नख आडवं फिरवायचं: अडकलं तर चरा पारदर्शक थराच्या खाली गेलाय आणि पॉलिशने जाणार नाही, नाही अडकलं तर आशा आहे. दुसरी, त्यावर पाणी टाकायचं: ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातच आहे. माझं नख अडकलं नाही. पाण्याने चरा गेलाही नाही. उलट नखाला काहीतरी वर आलेलं लागलं. खणलेलं नव्हतं ते, चिकटलेलं होतं. थोडं कंपाउंड, म्हणजे घासून पॉलिश करायची पेस्ट, घेऊन चोळलं तर पांढरं कापडावर यायला लागलं, रवाळ, चुनखडीसारखं. गाडीचा रंग इतका भुसभुशीत नसतो. मी मान वर केली. समोर आमच्या फाटकाचा खांब होता, पांढरा, आणि बरोबर त्या दाराच्या उंचीवर त्याच्या कोपऱ्याला एक निळसर डाग होता. तीन वर्षं तो तिथे होता. गाडी तेव्हा घरात तिघं चालवायचो. मी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे पाहिलं, बाबा फाटकाकडे बघत म्हणाले, "खांबालाही रंग द्यायला झालाय." त्या विषयावर यापुढे कोणी बोलेल असं वाटत नाही.

बॉनेटच्या पुढच्या कडेला एक टवका होता, मुगाएवढा, रस्त्यावरचा खडा उडून पडलेला. आणि त्यावर बाबांची दुरुस्ती. फाटकाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट त्यांनी ब्रशने तिथे ठेवला होता. लावला होता म्हणणं बरोबर नाही, ठेवलाच होता, टिकलीसारखा. निळा तोही होता, पण तो शाळेच्या गणवेशाचा निळा आणि गाडीचा निळा रात्रीचा. ती टिकली मी नखाने उडवली तर खाली तांबूस फुगवटा. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो वाढतो तसा भोवतीचा रंग उचलत जातो, म्हणून मुगाएवढ्या टवक्याभोवती वाटाण्याएवढा फोड येतो. टोकदार पात्याने गंज खरवडला, उघडं लोखंड दिसेपर्यंत. गंज थोपवणारं द्रावण लावलं, वाळू दिलं, काडीच्या टोकाने प्रायमरचा ठिपका. गाडीच्या दाराच्या चौकटीवर रंगाचा क्रमांक चिकटवलेला असतो, त्या क्रमांकाची टचअपची बाटली आणली होती. तिच्याबरोबर येणारा ब्रश ओठांना लाली लावण्याएवढा जाड, म्हणून पुन्हा काडीच. एका दमात खड्डा भरायचा नाही, पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, पुन्हा थर, आणि शेवटी पारदर्शक लॅकर, भोवतालापेक्षा किंचित वर येईपर्यंत. क्रमांक तोच, तरी छटा जुळली नाही. एक तर मूळ रंग अकरा वर्षं उन्हात उभा आहे. दुसरं म्हणजे या रंगात अॅल्युमिनियमची बारीक पापुद्र्यांसारखी चकाकी असते; कारखान्यातल्या फवाऱ्याने ती आडवी निजते, काडीने ठेवली की वाटेल तशी पसरते. त्यामुळे समोरून पाहिलं तर जुळतो आणि बाजूने पाहिलं तर काळपट. म्हणूनच रंगारी एक दार रंगवायला घेतो आणि शेजारच्या दारावरही रंग विरवत नेतो. लोकांना वाटतं बिल वाढवतोय.

थर पुरता वाळायला मी चार दिवस दिले, म्हणजे सुट्टी संपून रविवार उजाडला. मग 2000 नंबरचा पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक खरकागद, नंतर 2500चा, साबणाच्या पाण्यात भिजवून, एका लहान रबराच्या तुकड्यावर गुंडाळून. यापूर्वी पेपर मी फक्त दारांच्या लाकडाला लावलेला. चार वेळा घासताच ठिपक्याभोवतीची जागा पांढरी, आंधळी झाली. छातीत धस्स होणं काय असतं ते कळलं. आई खिडकीतून म्हणाली, "अगं बाई, हे काय केलंस?" बाबा उठून आले, वाकले आणि पहिल्यांदाच काही सूचना केली नाही, हे जास्त भीतिदायक होतं. मी कंपाउंडचा थेंब घेऊन मऊ कापडाने चोळायला लागले. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. मग धुकं विरतं तसा त्या पांढऱ्यातून निळा वर आला. कापड बघितलं बाबांनी. उलटून पालटून बघितलं. कापड पांढरंच होतं. "रंग निघत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "वरचा पारदर्शक थर निघतो थोडा, रंग नाही." ते बराच वेळ कापड हातात धरून उभे होते.

त्या यशाच्या भरात मी चिकटपट्टीने बॉनेटवर एक चौकोन आखला, वीतभर बाय वीतभर, आणि तेवढंच पॉलिश केलं. आधी जाळं होतं, नंतर विहिरीचं पाणी. त्या चौकोनात मला माझा चेहरा दिसला, केसांतल्या फेसासकट. अख्खं बॉनेट असं करायला एक दिवस पुरला असता. पण पारदर्शक थर पुन्हा उगवत नाही, दर वेळी दोन-चार मायक्रॉन जातात, आणि उन्हातले अतिनील किरण अडवायचं कामही त्याच थराचं आहे. तो संपला की उन्हाने सोललेल्या कातडीसारखे पांढरे पापुद्रे सुटतात, त्यावर पॉलिश नाही, मेण नाही, पुन्हा रंगवणं एवढाच उपाय. म्हणून आधी डिकीवर कितपत गरज आहे ते बघावं म्हणून संध्याकाळी टॉर्च घेऊन मागे गेले.

डिकीवर गोल नव्हते.

मी टॉर्च हलवून पाहिला, डोळे चोळून पाहिले. प्रकाशाच्या ठिपक्याच्या डावीकडे रेषांचा एक झुबका, उजवीकडे एक झुबका, आणि वर-खाली काही नाही, स्वच्छ अंधार. गणितातले कंस असतात तसे, आणि मध्ये प्रकाश. मग बॉनेटकडे गेले. तिथे पूर्ण गोल. पुन्हा डिकी: कंस. असं चार वेळा झाल्यावर मी ओट्यावर बसले आणि मला आठवलं ते झाड. पानं झडलेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा असला की फांद्या दिव्याभोवती गोलाकार घरटं विणल्यासारख्या दिसतात. फांद्या काही गोल वाढलेल्या नसतात, त्या वाटेल तशा असतात. पण दिव्याकडे बाजू करून असलेल्या फांद्याच चमकतात आणि बाकीच्या अंधारात राहतात, म्हणून आपल्याला गोल दिसतो. ओरखड्यांचंही तेच. ओरखडा प्रकाश फेकतो तो आपल्या लांबीला आडवा, बाजूला. त्यामुळे प्रकाशाच्या डाव्या-उजव्या हाताला फक्त उभ्या रेघा उजळतात, वर-खाली फक्त आडव्या, आणि तिरप्या जागी तिरप्या. सगळ्या दिशांच्या रेघा असल्या तर पूर्ण गोल दिसतो, एकही रेघ गोल नसताना. आणि रेघा एकाच दिशेच्या असल्या तर नुसते दोन कंस. डिकीवर एकाच माणसाने, एकाच दिशेने, अकरा वर्षं हात चालवला होता. गाडी जाते तिकडून वारा येतो त्या दिशेने.

मी बाबांना हाक मारली. ते चप्पल घालून आले. टॉर्च धरून मी समजावलं, झाडासकट, कंसांसकट. "मला तर सगळ्याच दिव्यांभोवती गोल दिसतात," ते म्हणाले. खरंच की, डोळ्यांचं विसरलेच होते मी. पण त्यांनी मान थोडी वळवली, मग टॉर्च माझ्या हातातून घेऊन स्वतः धरला, लांब, जवळ, पुन्हा लांब. "इकडे आहेत. इकडेही आहेत. वर नाहीत." मी म्हटलं, "कारण तुम्ही सरळ पुसता." त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं. त्यांनी फक्त हं केलं. मग म्हणाले, "पण रेघा आहेतच." मी कोरड्या फडक्याचं सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं. वाळू, क्वार्ट्झ, आधी पाणी. ते ऐकत डिकीवरून बोट फिरवत होते, सरळ. आणि मग टॉर्च घेऊन ते गाडीला वळसा घालून पुढे गेले, बॉनेटवर धरला, आणि जाळं उजळलं, गोलात गोल, माझ्या स्वच्छ चौकोनाच्या चारही बाजूंनी.

"उभ्या माझ्या," बाबा म्हणाले. "या आडव्या कोणाच्या?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चार महिने इथे राहिले होते. गाडी रोज पुसली गेलीच पाहिजे असा पलंगावरून आदेश होता. गाडी तेव्हा भिंतीला नाक लावून उभी असायची. समोर उभं राहायला जागा नव्हती, म्हणजे होती, गाडी हातभर मागे घेतली असती तर. त्याऐवजी मी बाजूला उभी राहून, एक हात कानाशी फोन धरून, दुसऱ्या हाताने कोपरातून फडका फिरवायचे, काचेवरच्या वायपरसारखा, या टोकाकडून त्या टोकाकडे. डिकीपर्यंत सहसा जात नसे. पलंगावरून तेवढी दिसत नव्हती. मी बाबांना म्हटलं, बॅटरी संपत आलीये, आत चला. त्यांनी टॉर्च मालवून फोन माझ्या हातात दिला, आणि पायरी चढताना खांद्यावर हात ठेवला, तो आधारासाठी असेल.

गाडी बघून गेलेला तो मुलगा मधल्या दिवसांत किमतीबद्दल विचारून गेला होता. अजून उत्तर दिलेलं नाही. सोमवारी सकाळी जाग आली तेव्हा नेहमीचा फट् असा आवाज नव्हता. पाणी ओतल्याचा आवाज होता, एक मग, थांबा, दुसरा मग. बाहेर आले तर बाबा डिकीवरून ओला फडका पोटाकडे ओढत होते. छप्पर झालं होतं, दारं झाली होती, चाकं झाली होती. बॉनेटवर मात्र रात्रीची धूळ तशीच होती, आणि गाडी भिंतीपासून चांगली हातभर मागे घेतलेली होती. कोणी घेतली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसरी बादली तिथेच ठेवलेली होती, भरून.

"ते तुझं आहे," वर न बघता बाबा म्हणाले.